तिरप्या उन्हातली काळी गाडी

"सावलीत उभं राहून काय दिसणार, वहिनी? उन्हात या. या की. आपलंच काम उन्हात बघायला भ्यायचं काय कारण?"

उत्तम, माझा धाकटा दीर, त्याच्या काळ्या गाडीच्या नाकाशी उभा होता. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी हातातलं ओलं फडकं बादलीच्या काठावर टाकलं, खोचलेला ओचा सोडला आणि शेडमधून बाहेर आले. गाडीत मागच्या सीटवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या आणि पुढच्या सीटवर त्यांचे भाऊ, रंगामामा. साक्षीदार बरोबर घेऊन कुणी गाडी धुवायला येत नाही. म्हणजे आज धुणं वेगळं होतं.

बॉनेटवर ऊन तिरपं पडलं होतं. त्या उन्हात काळ्या रंगावर ओरखड्यांचं जाळं चमकत होतं. कोळ्यानं चांदीच्या तारेनं विणावं तसं.

"काय आहे हे?"

"ओरखडे."

"कुणी काढले?"

"मी नाही."

"मग गाडीला काय खरूज झाली?"

रंगामामा हसले. मग हसायची जागा नव्हती हे ध्यानात येऊन खोकले.

"दर शनिवारी गाडी तुमच्याकडं असते," उत्तम म्हणाला. "माझ्याकडं ड्रायव्हर नाही. मी स्वतः फडकं लावत नाही. घरात कुणी हात लावत नाही. मग राहिलं कोण? मामा, तुम्ही सांगा. हिशोब अवघड आहे काय?"

मागच्या काचेतून आत्याबाईंचा आवाज आला. सासूबाईंना आमच्यात आत्याबाई म्हणतात. "तिचा हातच राकट. पहिल्यापासनं. पितळी घासायची ती बी टवके उडवून."

सहा वर्षांत माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. माझ्याशी नव्हे, माझ्याबद्दल.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. तासगावच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, सासऱ्यांची वीस गुंठे पडीक जागा होती. मागच्या अंगाला उत्तमनं बंगला बांधला. पुढच्या अंगाला माझ्या नवऱ्यानं, हणमंतानं, पत्र्याची शेड मारून बोअर घेतली आणि वॉशिंग सेंटर काढलं. मध्ये एक डोक्याएवढी भिंत. सेंटर चालायला लागलं आणि वर्षभरात हणमंताचा टेम्पो द्राक्षाच्या पेट्यांसकट पुलावरून खाली गेला. तेराव्याला भरल्या घरात आत्याबाई म्हणाल्या, "मी दृष्ट काढायला निघाले होते. हिनं माझा हात धरला. हिनं अडवलं." त्यानंतर मी त्या बंगल्याची पायरी चढले नाही. गावात दोन खोल्या घेतल्या आणि रोज सकाळी वडापच्या, म्हणजे सीट भरून निघणाऱ्या रिक्षानं येऊन शेडचं कुलूप काढायला लागले.

बाईनं गाड्या धुवायच्या म्हटल्यावर लोक गाडी धुवायला कमी आणि बाई बघायला जास्त यायचे. यायचे तर येईनात का, गाडी तर आणायचे. मला शिकवणारं कुणी नव्हतं. मी भंगारवाल्याकडून एका काळ्या गाडीचा मोडका दरवाजा आणला, शेडच्या खांबाला टेकवून ठेवला आणि चार महिने त्याच्यावर हात बसवला. काळाच का? पांढरी गाडी सगळ्यांचं पोटात घालते. काळी काही विसरत नाही. धुण्याच्या पावडरीनं धुवा, महिन्याभरात ती विटलेल्या तव्यासारखी होते. धूळ असताना कोरडं फडकं फिरवा, फडक्याखालचा प्रत्येक कण आपलं नाव कोरून जातो. गोल गोल घासलं की जाळं पडतं, म्हणून हात नेहमी लांबीच्या दिशेनं, सरळ. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की म्हैस धुतली तर भुरकी दिसते आणि काळी गाडी धुतली तर पांढरी. सुकल्यावर ठिपकेच ठिपके. म्हणून शेवटचा हात मी आर.ओ.च्या जारमधल्या पाण्याचा मारत असे. त्या मोडक्या दरवाजात एक दिवस मला माझ्या कानातली कुडी स्वच्छ दिसली, त्या दिवशी मी बाहेर पाटी लावली.

म्हणून उत्तमचं बॉनेट बघून मला राग आला तो आधी त्या बॉनेटसाठी आला. माझ्यासाठी नंतर.

"भावजी, हे ओरखडे बघा," मी म्हटलं. "आडवे आहेत, एका कडेपासून अर्ध्यापर्यंतच आहेत. माझा हात काचेपासून सरळ खाली येतो."

"मला हाताचे प्रकार नका शिकवू. पुढल्या महिन्याला जागा मोकळी करा. टायरवाला शोरूम घालायला तयार आहे. मी आजवर वहिनी म्हणून गप्प बसलो. आता माझ्याच गाडीची कातडी सोलायला लागलात."

आता कळलं. टायरवाला गेले दोन महिने त्याच्या बंगल्यावर चहाला यायचा. ओरखडे निमित्त होते. पण निमित्त काळ्या रंगावर कोरलेलं होतं आणि ते मला पुसता येत नव्हतं. सासऱ्यांनी जागा सातबाऱ्याला उत्तमच्या नावावर केलेली. हणमंताच्या नावावर फक्त पत्रे होते.

"ओरखडे माझे नसले तर?" मी विचारलं.

"असले-नसले कुणी सांगायचं?"

"गाडीच सांगेल. उद्या मला द्या. मी हातानं रबिंग पॉलिश करते, सगळं जाळं काढते. मग पंधरा दिवस मी गाडीला बोट लावणार नाही. कुणीच फडकं लावायचं नाही. लागलं तर नुसतं पाणी मारा. पंधराव्या दिवशी मामांसमोर बघू. बॉनेट जसंच्या तसं राहिलं तर ओरखडे माझे होते, मी कुलूप तुमच्या हातात देते. पण परत ओरखडे आले तर?"

"तर काय?"

"तर टायरवाल्याला दुसरी जागा दाखवायची. आणि मी जिवंत असेस्तोवर या शेडचं नाव काढायचं नाही."

उत्तम हसला. त्याला वाटलं, बाई अडकली. मला वाटलं, हा अडकला. मामा खाली उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "झालं तर. शब्द दोघांनी दिला, मी ऐकला. आता उठून काय कोर्टात जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ती गाडी शेडमध्ये घेतली. सकाळी सातपासून अंधारून येईपर्यंत मी तिच्यावर हात चालवला. एक फूट बाय एक फूट असा तुकडा घ्यायचा, बोटभर पॉलिश, मऊ फडकं, सरळ हात, मग दुसरं फडकं, मग तिसरं. खांदा असा भरून आला की संध्याकाळी चहाचा कप डाव्या हातानं धरावा लागला. पण बॉनेट विहिरीसारखं झालं. वाकून बघितलं तर शेडचे पत्रे आत खोल दिसायचे.

काचेच्या पायथ्याशी, जिथं वायपर टेकतात तिथं, एक चर असतो. सगळा पालापाचोळा तिथं जमतो. तो साफ करताना माझ्या बोटाला बारीक काळे दाणे लागले. आधी वाटलं उंदराच्या लेंड्या. चिमटीत धरून बघितलं. मोहरी. तिच्याजवळ रबराला चिकटलेला खडेमिठाचा एक खडा, विरघळून अर्धा झालेला. पत्र्यावर त्याच्याखाली गंजाचा ठिपका.

मी तिथंच बादली पालथी घालून बसले.

दृष्ट. गाडीची दृष्ट. मूठभर खडेमीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या. माणसाची काढतात तेव्हा ओवाळून झाल्यावर मूठ अंगावरून खाली उतरवतात. गाडीलाही अंगाला घासून उतरवायची म्हणजे बॉनेटवरून. वर दिवसभराची धूळ, मुठीत खडेमीठ. आत्याबाईंची उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. बाजूला उभ्या राहून त्यांचा हात बॉनेटच्या अर्ध्यापर्यंतच पोचणार. शनिवारी मी गाडी धुवायची, त्याच दिवशी तिन्हीसांजेला त्या मीठ घासायच्या. आणि सकाळी त्याच गाडीत बसून सांगायच्या, तिचा हात राकट.

त्यांना माहीत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मीठ रंग खातं हे त्यांना कोण सांगणार? पण कळणं आणि राग येणं यांची घरं वेगवेगळी असतात.

मला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं. पुढचा शनिवार आला की आत्याबाई आपल्या हातानं माझी जागा मला राखून देणार होत्या. एवढी सोपी लढाई देवसुद्धा कुणाला देत नाही.

शनिवारी मी गिऱ्हाइकं लवकर आटपली. दिवेलागणीला भिंतीपाशी बादली पालथी घातली आणि वर चढून पलीकडं डोकावले. जाऊन बघायची गरज नव्हती. पण जिंकताना बघायचं असतं माणसाला.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. आठवड्याची धूळ बसूनही तिची चमक खालून डोकावत होती. बंगल्याच्या मागच्या दारानं आत्याबाई आल्या, पदर डोक्यावर, उजवी मूठ घट्ट. त्यांनी गाडीपुढं उभं राहून मूठ तीनदा ओवाळली. ओठ हलत नव्हते. आमच्या घरची रीत अशी, की मीठ-मोहरी मुठीत घेतल्यापासून ती चुलीत तडतडेपर्यंत दृष्ट काढणारीनं तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की काढलेली दृष्ट परत जागेवर जाते.

मग त्या बाजूला आल्या, वाकल्या आणि मूठ बॉनेटकडं नेली.

"आत्याबाई! खबरदार!"

हे मी ओरडले. मी, शालन हणमंत खराडे, जिला फक्त गप्प बसायचं होतं.

काय सांगू. रविवारचा सगळा दिवस, माझा खांदा, विहिरीसारखा झालेला तो रंग, आणि त्याच्यावर खडेमीठ. तोंडाला विचारायला वेळच मिळाला नाही.

मूठ वीतभर वर थांबली. आत्याबाईंनी मान वळवली आणि भिंतीवरचं माझं डोकं बघितलं. डोळ्यांतून जे आलं ते शब्दांतून आलं असतं तर भिंत पडली असती. पण शब्द काढता येत नव्हता.

मग मला चेव आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या मला उलट बोलू शकत नव्हत्या.

"ओरखडे तुमचे आहेत! मीठ घासता तुम्ही त्याच्यावर, मीठ! आणि सांगता, हिचा हात राकट! मामांसमोर सांगता!"

त्या ताठ वळल्या आणि परसातल्या चुलीकडं चालायला लागल्या. मी बादली उचलून भिंतीच्या कडेकडेनं त्यांच्याबरोबर, दर चार पावलांवर बादली पालथी, वर डोकं.

"तुम्ही घासलं नाही की ओरखडे येत नाहीत! ओरखडे नाही आले की माझी जागा जाते! माझं कुलूप जातं! कळतंय काय तुम्हाला?"

बोलून संपेपर्यंत मला कळलं, मी काय बोलले ते.

आत्याबाईंनी मूठ चुलीत टाकली. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका आला. दोघींनाही. खोकून झाल्यावर त्या भिंतीपाशी आल्या. आता तोंड मोकळं होतं. मी शिव्यांची वाट बघत होते.

"असं व्हय," एवढंच म्हणाल्या. हळू. "मी थांबले की तू गेलीस."

"आत्याबाई..."

"आधी म्हाईत नव्हतं. बरं झालं सांगितलंस. भिंतीवर चढून सांगितलंस." त्यांनी पदरानं हात पुसले. "माझ्या एका लेकाचं तू बघितलंस. आता दुसऱ्याच्या भिंतीला लोंबकळतीस. उतर खाली. पडलीस तर ते बी माझ्यावर येईल."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार होते, पण लागली. खांदा दुखत होता. जाग मात्र पहाटे चारला आली आणि ती आठ दिवस चारलाच येत राहिली. पुढचा शनिवार अमावस्येचा होता. शनीची अमावस्या. आत्याबाई देवाला विसरतील, शनीच्या अमावस्येला विसरणार नाहीत. एकीकडं त्यांची भीती आणि दुसरीकडं माझ्याबद्दलचा त्यांचा तिरस्कार. यातलं जड काय, याच्यावर माझं पोट ठरणार होतं.

आणि मला त्यांचा तिरस्कार माहीत होता. तो उगाच नव्हता, असं मला वाटायचं. त्या शेवटच्या संध्याकाळी आत्याबाई मूठ घेऊन टेम्पोकडं निघाल्या होत्या, हे मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, "टेम्पोला कुणाची नजर लागणार? त्याच्याकडं आरटीओ सोडून कुणी बघत नाही." आणि हसले होते. पुढचं नीट आठवत नव्हतं. पण मी हात धरला असं तेराव्यापासून इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलं की हळूहळू मला ते दिसायला लागलं. त्यांचं मनगट, हिरव्या बांगड्या, त्यावर माझी बोटं. दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नाही. पण ते मनगट मला पहाटे चारला दिसायचंच.

अमावस्येला मी भिंतीकडं जाणार नव्हते. गेले. भिंतीवर पलीकडून जाडजूड वाकळ वाळत घातली होती, पोर्चच्या बरोब्बर समोर. थंडीच्या दिवसात, दिवेलागणीला, कोण वाकळ वाळत घालतं? मी बादली उचलली आणि घरी गेले.

रविवारी सकाळी दहाला उत्तमची गाडी शेडपुढं येऊन थांबली. मामा पुढं, आत्याबाई मागं, सगळं पंधरा दिवसांपूर्वीसारखं. फक्त ऊन नव्हतं. आभाळ भरून आलं होतं. ते तसलं ढगाळ, की द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो.

"मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "पाइप मामांनी धरायचा."

मामांनी धोतर वर खोचलं आणि गाडी कमी, स्वतःला जास्त धुतलं. धूळ वाहून गेली. वरून मी सांगितलं तसे आर.ओ.चे दोन जार त्यांनी ओतले. पाणी निथळलं, गाडी काळीभोर निघाली. आम्ही तिघं बॉनेटवर वाकलो. एकही रेघ नाही. ढगाखाली ते नुसतं काळं, गप्प पाणी होतं.

उत्तमनं हात पसरला. "कुलूप."

मी मागच्या काचेकडं बघितलं. आत्याबाई समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होत्या.

"ऊन येऊ दे," मी म्हटलं.

"काय?"

"ढगात काळा रंग काही सांगत नाही. ऊन येऊ दे."

"अहो वहिनी, तुमच्या उन्हासाठी मी दिवसभर इथं उभा राहू? टायरवाला बंगल्यावर येऊन बसलाय!"

"उन्हात बघा असं तूच म्हणाला होतास, उत्तम," मामा ओलं धोतर पिळत म्हणाले. "तुझंच म्हणणं मी धरून बसतो. चहा सांग की कुणीतरी, मला हुडहुडी भरली."

चहा आला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. उत्तमनं टायरवाल्याला दोनदा फोन केला. "हो हो, झालंच. नाही हो, कसली अडचण. घरातलंच आहे." घरातलंच आहे, हे ऐकून मी कप खाली ठेवला.

अकराच्या सुमाराला ढगाला भोक पडलं. ऊन रस्त्यावरून आलं, शेडच्या कोपऱ्यावरून घसरलं आणि बॉनेटवर पडलं.

पाच रेघा. एका कडेपासून थेट अर्ध्या बॉनेटपर्यंत, आडव्या. त्याच्या शेजारी आणखी पाच. आणखी पाच. पहिल्या वेळचं ते बारीक जाळं नव्हतं. ह्या वेळी दाबून घासलं होतं.

"अरे बाबो," मामा म्हणाले. "हे काय, अस्वल नाचलं काय?"

उत्तमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. त्यानं बोटानं रेघ चाचपली. नखाला लागत होती. मग तो माझ्याकडं वळला.

"तुम्ही. भिंतीवरनं आलात. शेजारच्यांनी बघितलंय तुम्हाला भिंतीला लटकलेलं! जागेसाठी माझी गाडी... मामा, बघा, बघा ही बाई! दादाला खाल्लं, आता माझ्यावर उठलीय!"

भिंतीवर मी चढलेच होते. मीठ-मोहरी म्हणाले असते तर कुणी विश्वास ठेवला असता? सासूनं नाही म्हटलं असतं, संपलं. मामांनीही माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघितलं. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती, हात आपोआप तिकडं गेला.

मागचं दार उघडलं. आत्याबाई उतरल्या. उतरायला त्यांना वेळ लागला.

"मी केलं," त्या म्हणाल्या.

"तू गप्प बस, आई. तुला काय..."

"मी केलं म्हणते ना. दृष्ट काढली. दर शनवारी काढते. काल अमावस्या व्हती, जोर लावून काढली. ती नव्हती भिंतीवर. मीच वाकळ टाकली व्हती."

"मिठानं?" मामांनी विचारलं.

"मग काय साखरेनं काढतात?"

उत्तमनं एकदा बॉनेटकडं बघितलं. मग फुटला. ते सगळं मी लिहीत नाही. आईला कुणी म्हणू नये असं त्यात बरंच होतं. शेवटचं लिहिते, कारण ते ऐकून मामांनी कानांवर हात ठेवले.

"दृष्ट! दृष्टीनं दादा वाचला काय? नाही ना? मग माझ्या गाडीला हात लावायचा नाही. माझ्या घरात हे असलं चालायचं नाही. ज्याला करायचं त्यानं दुसरं घर बघावं."

"उत्तम," मामा म्हणाले, "जागेचं सांग आधी. शब्द दिलायस."

"ठेवा म्हणावं तिला जागा! ठेवा! आणि या आईलाही ठेवा!" त्यानं दार आपटलं. गाडी वळली, उन्हात एकदा लखलखली आणि हमरस्त्याला लागली. टायरवाल्याकडं की कुठं, कुणास ठाऊक. मामा "मी समजावतो त्याला, येतो" म्हणत एस.टी.च्या थांब्याकडं निघाले, ओल्या धोतरानं. ते काही परत आले नाहीत.

मग आम्ही दोघीच राहिलो. आत्याबाई शेडबाहेर पालथ्या बादलीवर बसल्या. मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात एका डॉक्टरांची पांढरी गाडी आली. मी ती धुतली. टपापासून चाकांपर्यंत. डॉक्टर गेले, तरी मी पाइप गुंडाळत राहिले. गुंडाळलेला सोडून परत गुंडाळला.

"का सांगितलंत?" शेवटी मी विचारलं. पाठ त्यांच्याकडंच होती. "गप्प बसला असता तर मी गेले असते. तुम्हाला तेच हवं होतं."

"हवंच व्हतं."

"मग?"

हमरस्त्यावरून द्राक्षाचे दोन टेम्पो गेले.

"तो म्हणाला ना, दादाला हिनं खाल्लं," त्या म्हणाल्या. "ते त्याला मी शिकवलंय. माझंच वाक्य. माझ्याच तोंडाचं." मग म्हणाल्या, "एकदा तुझ्यावर घातलं. परत घालायला आता बळ न्हाई राहिलं."

मी वळले.

"तू माझा हात धरला नव्हतास," आत्याबाई म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, शेडपुढच्या फरशीला सांगितल्यासारखं. "तू हसलीस, एवढंच. मीठ माझ्या मुठीत व्हतं. तू हसलीस म्हणून मला राग आला. म्हटलं, जा. न्हाई काढत. आणि मीठ परत डब्यात टाकलं. मीच टाकलं. तासाभरानं त्याचा टेम्पो गेला."

सहा वर्षं. ते मनगट, ती बोटं, त्या हिरव्या बांगड्या. कुणाच्या होत्या मग?

"मग सहा वर्षं..." माझा आवाज फाटला. "सहा वर्षं तुम्ही..."

"मग काय करणार व्हते?" त्या एकदम ओरडल्या. "रोज सकाळी उठून आपल्यालाच खायचं व्हतं? तू हायेस की तरणी, धडधाकट. तुला पेलतं. मला पेललं नसतं!"

मी हातातला पाइप फेकला. त्यांच्या पायाशी पडला, पाणी उडालं, साडी भिजली. त्या हलल्या नाहीत. मला जे बोलायचं होतं ते इतकं होतं की त्याला तोंड पुरलं नसतं. मी शेडचं शटर ओढलं. इतक्या जोरानं की पलीकडचा रसवंतीवाला बाहेर येऊन बघायला लागला. कुलूप लावलं. किल्ली कमरेला. माझी किल्ली.

रस्त्यावर वडापची रिक्षा आली. मी हात केला.

"उठा," मी म्हटलं.

"कुठं?"

"उठा म्हणते ना."

त्या उठल्या. रिक्षात मागं बसल्या, कोपऱ्यात, अंग चोरून, शेजारी माझ्यासाठी जागा ठेवून. रिक्षावाल्यानं विचारलं, "म्हातारीला कुठं सोडायचं, ताई? बंगल्यावर?"

मी त्याला माझ्या गल्लीचं नाव सांगितलं. आणि मागं त्यांच्या शेजारी न बसता पुढं, ड्रायव्हरच्या कडेला, एका हातानं दांडी धरून बसले. अख्ख्या तासगावानं बघितलं. बघू दे. एवढा राग ठेवायचा हक्क मला होता, आणि तो मी पुढची बरीच वर्षं, त्यांना रोज दोन वेळा गरम भाकरी वाढताना, नीट सांभाळला.